नफा कागदावरचा आणि नफा गल्ल्यातला

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंमध्ये एक समज पक्का बसलेला आहे. ताळेबंद म्हणजे सनदी लेखापालाने आयकर खात्यासाठी तयार करावयाची वस्तू. आपण फक्त सही करायची आणि फाईल कपाटात ठेवून द्यायची. स्वतःच्या ताळेबंदाची ही गत, तर दुसऱ्याचा ताळेबंद उघडून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो की बाजारपेठेतला ठोक व्यापारी, एखाद्या मोठ्या कंपनीला तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर माल देताना तो मालकाची गाडी पाहतो, कचेरी पाहतो, दलालाचा शब्द ऐकतो. कंपनीने स्वतः छापून जगासमोर ठेवलेला हिशोब मात्र तो पाहत नाही. तोच माणूस चार पैसे शिल्लक राहिले की शेअर घेतो, आणि तेव्हाही भाव चढतो आहे एवढेच पाहतो.

माझे म्हणणे सरळ आहे. उधारी देणे हेही भांडवल गुंतवणेच होय. शेअर घेणाऱ्याने आपले पैसे मर्जीने गुंतवलेले असतात, तर उधारीवर माल देणाऱ्याचे पैसे नकळत गुंतून पडलेले असतात, एवढाच फरक. म्हणून कंपनीचा हिशोब वाचणे ही शेअर बाजारवाल्यांची हौस नसून आपल्या धंद्याची गरज आहे. वाचताना पहिला प्रश्न एकच विचारावयाचा: कागदावर दाखवलेला नफा गल्ल्यात आला काय? या प्रश्नाचे उत्तर ज्याला शोधता आले, त्याला कंपनीची निम्मी पारख झाली असे समजावे.

ही विद्या परकी नाही

कुणी म्हणेल की हे काम शिकलेल्या लोकांचे, आपल्याला कसे जमणार? परंतु दरवर्षी जकातीचा हिशोब करताना आपण जे करतो ते दुसरे काय असते? दुकानात आणि गोदामात पडलेल्या मालाची आजच्या बाजारभावाने किंमत धरतो. गल्ल्यातील आणि बँकेतील रोकड त्यात मिळवतो. वसूल होण्याची आशा असलेले येणे धरतो, आशा सुटलेले येणे बाजूला ठेवतो आणि लोकांचे देणे वजा करतो. माग, शिलाई यंत्र, दुकानाची जागा ही धंद्याची साधने. त्यांची किंमत या हिशोबात येत नाही.

आता अमेरिकेतील एका गृहस्थाची पद्धत पाहा. बेंजामिन ग्रॅहॅम हे कोलंबिया विद्यापीठात शिकवीत. १९३४ साली डेव्हिड डॉड यांच्यासह त्यांनी ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. महामंदीने शेअर बाजार कोसळून पडला होता आणि कोणत्या कंपनीला किती किंमत द्यावी हे कुणाला कळेनासे झाले होते. ग्रॅहॅम यांची एक कसोटी अशी होती की कंपनीची रोकड, येणे आणि मालाचा साठा यांची बेरीज करावी, त्यातून कंपनीचे सर्वच्या सर्व देणे वजा करावे आणि इमारत व यंत्रे यांची किंमत शून्य धरावी. जी रक्कम उरेल तिच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी भावात सगळी कंपनी मिळत असेल, तरच ती स्वस्त समजावी.

एक हिशोब इबादतीचा, दुसरा सावधगिरीचा. दोहोंचा हेतू अगदी वेगळा आहे. पण मांडणी जवळजवळ तीच आहे. तेव्हा ही विद्या आपल्याला येत नाही असे म्हणण्यात अर्थ नाही. ती आपण स्वतःच्या मालाला लावतो, दुसऱ्याच्या कंपनीला लावत नाही, इतकेच.

नफा सहा कोटी, गल्ला रिकामा

आकडे घेऊन पाहू. समजा एक कापड कंपनी आहे. तिची विक्री गेल्या वर्षी ८५ कोटी होती, यंदा १०० कोटी झाली. कर भरून निव्वळ नफा ६ कोटी. वर्तमानपत्रात बातमी येते, दलाल खूश, शेअर वर.

आता ताळेबंदाचे पान उघडा. गिऱ्हाइकांकडून येणे गेल्या वर्षी २० कोटी होते, ते ३२ कोटी झाले. मालाचा साठा १५ कोटींवरून २२ कोटींवर गेला. सूतवाले, प्रोसेसवाले, जॉबवाले यांचे देणे १० कोटींवरून १३ कोटी झाले. यंत्रांचा घसारा ३ कोटी धरला आहे.

हिशोब करा. नफा ६ कोटी. घसारा हा कागदी खर्च, त्यात रोकड जात नाही, म्हणून तो परत मिळवा. ९ कोटी झाले. येणे १२ कोटींनी वाढले, म्हणजे तेवढी विक्री झाली पण पैसा आला नाही. ते वजा करा. साठ्यात ७ कोटी अडकले. तेही वजा करा. पुरवठादारांचे ३ कोटी जास्त थकवले, म्हणजे तेवढी रोकड कंपनीकडे राहिली, ते मिळवा. उत्तर येते उणे ७ कोटी. ज्या वर्षी कंपनीने ६ कोटींचा नफा जाहीर केला, त्याच वर्षी धंद्यातून ७ कोटी रुपये बाहेर गेले. नवीन यंत्रांचा खर्च अजून धरलेलाच नाही. ही तूट कशाने भरली? बँकेच्या कर्जाने, आणि तेही आपल्यासारख्यांच्या ३ कोटींच्या उधारीचा हातभार आधीच धरून.

विक्री आणि येणे यांचे प्रमाणही पाहा. ८५ कोटींवर २० कोटी येणे म्हणजे सुमारे ८६ दिवसांची विक्री वसूल व्हायची होती. १०० कोटींवर ३२ कोटी येणे म्हणजे सुमारे ११७ दिवसांची. एका वर्षात वसुली एका महिन्याने लांबली. याचा अर्थ बाजारात माल ढकलला गेला. गिऱ्हाइकाला हवा होता म्हणून नव्हे, तर मार्चअखेर विक्रीचा आकडा मोठा दिसावा म्हणून. एप्रिलमध्ये निम्मा माल परत येतो हे आपल्या धंद्यातील कोणालाही सांगावे लागत नाही.

मी असे म्हणत नाही की रोकड कमी आली म्हणजे कंपनी लबाड. वाढत्या धंद्यात एखाद्या वर्षी येणे आणि साठा वाढतो. सणाआधी माल भरून ठेवावा लागतो. कापूस स्वस्त असताना गाठी घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. म्हणून एका वर्षाचा आकडा पाहून निकाल देऊ नये. पाच वर्षांचा नफा एका ओळीत लिहावा, पाच वर्षांत धंद्यातून आलेली रोकड तिच्याखाली लिहावी आणि दोन्ही बेरजा समोरासमोर ठेवाव्यात. बेरजा जवळपास असतील तर हिशोब इमानदारीचा असण्याची शक्यता मोठी. नफ्याची बेरीज मोठी आणि रोकडीची नगण्य असेल, तर त्या कंपनीपासून चार हात दूर राहिलेले बरे.

कर्जावर उभा असलेला नफा

वरच्याच कंपनीचे कर्ज ५० कोटी आणि मालकांचे भांडवल व राखीव निधी मिळून ६० कोटी आहे असे धरा. व्याजाचे ५ कोटी जातात, कराचे २ कोटी. म्हणजे व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा १३ कोटी. धंद्यात एकूण ११० कोटी गुंतले आहेत, त्यावर १३ कोटी म्हणजे शेकडा १२ देखील सुटत नाहीत. बँक दहा टक्के घेते. मधल्या दोन टक्क्यांसाठी सगळा खटाटोप चालला आहे.

आता बाजार मंदावला आणि धंद्याचा नफा १३ वरून निम्म्यावर, साडेसहा कोटींवर आला असे समजा. बँकेचे ५ कोटी मात्र निम्मे होत नाहीत. करापूर्वी जेथे ८ कोटी उरत होते तेथे दीड कोटी उरतो. धंदा निम्म्यावर आला, पण मालकाचा नफा पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी झाला. कर्ज असलेल्या कंपनीत तेजी गोड लागते, पण मंदीत पहिला मार मालकाला आणि त्याच्या मागोमाग पुरवठादाराला बसतो.

हे कल्पनेतले नाही. आलोक इंडस्ट्रीज ही १९८६ साली सुरू झालेली कंपनी देशातील सर्वात मोठ्या कापड कंपन्यांपैकी एक झाली. सिल्वासा आणि वापी येथे तिचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. विक्री वर्षानुवर्षे वाढत गेली आणि त्याबरोबर कर्जही. कापडाबाहेर मुंबईत लोअर परळला व्यापारी इमारतीत जागा, किरकोळ दुकानांची साखळी, इंग्लंडमध्ये ‘स्टोअर ट्वेंटी वन’ नावाची दुकाने असा पसारा वाढला. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी संहितेखाली नेण्यासाठी ज्या १२ मोठ्या थकीत खात्यांची निवड केली, त्यांत आलोकचे नाव होते. बँका आणि वित्तसंस्थांची मागणी सुमारे २९,५०० कोटी रुपयांची होती. रिलायन्स इंडस्ट्रीज आणि जेएम फायनान्शियल ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी यांची सुमारे ५,०५० कोटींची योजना २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मंजूर केली. रुपयामागे सुमारे १७ पैसे. हे तारण घेऊन कर्ज देणाऱ्या बँकांचे झाले.

मग सूत देणारा, कापड देणारा, मजुरीवर काम करून देणारा कोठे उभा राहतो? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे निर्णय धनकोंच्या समितीत होतो आणि तेथे मतदान फक्त कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांना असते. माल पुरवणाऱ्याला मत नाही. कंपनी मोडीत निघालीच तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणवाल्या बँका आणि कामगारांची देणी, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी वित्तसंस्था, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर आपला नंबर. रांगेत आपण कोठे आहोत हे माहीत असताना ताळेबंदातला कर्जाचा आकडा न पाहणे ही चैन आपल्याला परवडणारी नाही.

माग किती रुपयांचा?

पुष्कळ लोक सांगतात की कंपनीकडे जमीन आहे, कारखाना आहे, इतके माग आहेत. पैसा जाईल कोठे? या समजुतीला उत्तर देणारा दाखला आपल्याच धंद्यातला आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथे बर्कशायर हॅथवे नावाची कापड गिरणी होती. ग्रॅहॅम यांचे विद्यार्थी वॉरन बफे यांनी १९६२ साली तिचे शेअर घ्यावयास सुरुवात केली. भाव साडेसात डॉलरच्या आसपास. ताळेबंदाप्रमाणे दर शेअरमागे नुसते खेळते भांडवल १० डॉलर २५ सेंट आणि यंत्रे-इमारतींसह पुस्तकी किंमत २० डॉलर २० सेंट. वीस डॉलरचा माल साडेसातला. १९६५ साली कंपनी त्यांच्या ताब्यात आली. पण गिरणीत जितका पैसा घालावा तितका ती गिळत राहिली. नवे यंत्र घेतले तर शेजारच्या गिरणीनेही घेतलेले असे आणि फायदा गिऱ्हाइकाला जाई. अखेर १९८५ साली गिरणी बंद करावी लागली.

त्या वेळच्या लिलावाचे आकडे बफे यांनी भागधारकांना स्वतः कळवले आहेत. यंत्रांची मूळ खरेदी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची. घसारा वजा जाता पुस्तकात उरलेली किंमत ८ लाख ६६ हजार डॉलर. लिलावात हाती आले १ लाख ६३ हजार १२२ डॉलर. १९८१ मध्ये प्रत्येकी ५,००० डॉलर देऊन घेतलेल्या मागांना ५० डॉलरलाही गिऱ्हाईक मिळेना. शेवटी ते २६ डॉलरने भंगारात गेले. ते उचलून नेण्याचा खर्च त्याहून जास्त होता. भिवंडी-मालेगावात साधे माग वजनावर भंगारवाल्याकडे गेलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे नवल वाटणार नाही.

यावरून घ्यावयाचा धडा असा की चालत्या मागाची किंमत त्याच्या कमाईत असते, पुस्तकातल्या आकड्यात नसते. कमाई थांबली की पुस्तकी किंमत ही केवळ आठवण उरते. बफे यांनीही पुढे कंपनीचा पैसा कापडातून काढून विमा आणि इतर धंद्यांत वळवला. बर्कशायर हे नाव आज जगभर गाजते आहे ते त्या दुसऱ्या धंद्यांमुळे, मागांमुळे नव्हे.

मग किंमत कशी लावावी?

आपल्या उदाहरणातल्या कंपनीकडे परत येऊ. तिचे एक कोटी शेअर आहेत आणि बाजारभाव ६० रुपये आहे. शेअरमागे नफा ६ रुपये, म्हणजे नफ्याच्या दहापट भाव. पुस्तकी किंमतही शेअरमागे ६० रुपये. दलाल म्हणेल, पुस्तकी किमतीत मिळतो आहे, याहून स्वस्त काय हवे!

तपशील पाहा. ३२ कोटींच्या येण्यात ६ कोटी वर्षाहून जुने आहेत. ते बुडीत धरा. २२ कोटींच्या साठ्यात ५ कोटींचा माल जुन्या डिझाइनचा आहे. लेखा नियमाप्रमाणे साठा खरेदीची किंमत किंवा विकून येणारी रक्कम, यांपैकी जी कमी तिने धरावयाचा असतो. पण विकून किती येईल हा अंदाज कंपनीचाच असतो. हंगाम उलटून गेलेला ताका कोणत्या भावाने जातो हे आपल्याला त्या अंदाजापेक्षा चांगले कळते. अडीच कोटी वजा करा. मालकाच्या भावाच्या आणि मेहुण्याच्या कंपन्यांना दिलेले ९ कोटी ‘ॲडव्हान्स’ या नावाखाली आहेत. ते परत येतील तेव्हा खरे, आज शून्य धरा. साडेसतरा कोटी गेले. ६० कोटींचे साडेबेचाळीस कोटी राहिले. शेअरमागे साडेबेचाळीस रुपये, आणि यंत्रांना अजून हात लावलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शेअरचा भाव ही सगळ्या कंपनीची किंमत नव्हे. ६० कोटी शेअरचे आणि ५० कोटी कर्जाचे, असा हा ११० कोटींचा सौदा आहे. घर विकत घेताना त्यावरचे कर्ज आपल्या माथी येणार असेल, तर आपण ते किमतीत धरतो की नाही? तसेच येथे. ११० कोटी देऊन आपण काय घेतो, तर गल्ल्यात रोकड न आणणारा धंदा. मग नफ्याच्या दहापट भाव स्वस्त की महाग हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते तो महाग आहे.

याउलट एखादी कंपनी नफ्याच्या वीसपट भावाने मिळते, पण तिच्यावर कर्ज नाही, वसुली ४० दिवसांत होते, पाच वर्षांत जितका नफा तितकीच रोकड आली आहे आणि गुंतलेल्या भांडवलावर शेकडा पंचवीस सुटतात. तर ती वीसपट भावातही पहिलीपेक्षा चांगली ठरू शकते. भाव कमी आणि माल स्वस्त या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कापडवाल्याला तरी वेगळे सांगण्याची गरज नसावी.

रोकडच खोटी असेल तर?

येथे कुणी विचारील की रोकडीचा आकडाच खोटा लिहिला असेल तर काय? प्रश्न योग्य आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसमध्ये हेच घडले. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी लेखी कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोकड आणि बँक शिल्लकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्यावर दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही नव्हते. १,२३० कोटींचे देणे लपवलेले आणि ४९० कोटींचे येणे फुगवलेले होते. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत धंद्याचा नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा होता ६१ कोटी. त्या एका दिवसात शेअरचा भाव तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राने ५८ रुपये दराने कंपनी ताब्यात घेण्याची बोली जिंकली.

यावरून ताळेबंद वाचणे व्यर्थ, असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष असा की एक आकडा एकटा वाचू नये. बँकेत हजारो कोटी पडून आहेत असे म्हणणारी कंपनी भागधारकांना किती वाटते? व्याजाचे उत्पन्न त्या शिल्लकेशी जुळते काय? पैसा असताना ती कर्ज का काढते? तिचा नफा तिच्याच धंद्यातील इतरांपेक्षा इतका जास्त का? लेखापरीक्षकाची सही म्हणजे कागदपत्रांवर त्याने दिलेले मत. ती हमी नव्हे. लेखापरीक्षक मुदतीपूर्वीच राजीनामा देऊन निघून गेला असेल, तर मात्र तेवढे एक कारण उधारी आखडती घेण्यास पुरेसे आहे.

कोणती पाने उघडावीत

आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमातून झाले आणि इंग्रजी वार्षिक अहवाल हातात घेतला की धसका बसतो. दोनशे पाने वाचण्याची गरज नाही. सात-आठ शब्द पाठ केले तरी काम भागते. ट्रेड रिसीव्हेबल्स म्हणजे येणे. इन्व्हेंटरीज म्हणजे साठा. बॉरोइंग्ज म्हणजे कर्ज. ट्रेड पेएबल्स म्हणजे आपल्यासारख्यांचे देणे. कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीज म्हणजे धंद्यातून आलेली रोकड. रिलेटेड पार्टी म्हणजे मालकाच्या नात्यागोत्यातल्या लोकांशी आणि कंपन्यांशी झालेले व्यवहार. कंटिंजंट लायबिलिटीज म्हणजे आज देणे नाही, पण खटला हरला किंवा दिलेली जामिनकी अंगावर आली तर द्यावे लागेल ते.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत बदल झाला. तेव्हापासून कंपनीला आपले येणे वयानुसार दाखवावे लागते: सहा महिन्यांच्या आतले, सहा महिने ते वर्ष, एक ते दोन वर्षे, दोन ते तीन, आणि त्याहून जुने. तसेच देणेही वयानुसार दाखवावे लागते, आणि त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे वेगळे. एखादी कंपनी लहान कारखानदारांना किती थकवते हे तिने स्वतःच्या हाताने लिहून दिलेले असते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. ज्या कंपनीच्या तक्त्यात लहानांचे देणे वर्षाहून जुने पडलेले दिसते, ती आपल्यालाही तसेच वागवणार. माग चालवणाऱ्या बंधूंनी उद्यम नोंदणी करून घ्यावी व बिलावर तिचा क्रमांक छापावा. नाही तर आपले देणे त्या रकान्यात येणारच नाही.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवाल मुंबई आणि राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. खासगी मर्यादित कंपन्यांचे हिशोब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून पाहता येतात. भागीदारी पेढीवर मात्र असे बंधन नाही. तेथे बाजारातील चौकशी आणि मागच्या वसुलीचा अनुभव हाच ताळेबंद. घरातील मुलगा किंवा मुलगी वाणिज्य शाखेत शिकत असेल, तर तिला हे काम द्यावे. तिचाही अभ्यास होईल आणि धंद्यालाही उपयोग होईल.

नकार देता येत नाही, पण माप घेता येते

शेवटचा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘मोठ्या पार्टीला नाही म्हटले तर माग बंद ठेवायचे काय? कारागिरांची आठवड्याची मजुरी कोठून द्यायची?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु हिशोब वाचणे म्हणजे प्रत्येकाला नकार देणे नव्हे. कोणाला किती द्यावयाचे याचे माप त्याने घेता येते. कंपनीची रोकड चांगली असेल तर ९० दिवस द्या. वसुली लांबत चालली असेल तर ४५ वर आणा, मागचे आल्याशिवाय पुढचे बीम चढवू नका. कर्ज वाढते आहे आणि मालक जमिनी घेतो आहे असे दिसले, तर एकूण येण्यात त्या पार्टीचा हिस्सा दहाव्या भागाच्या वर जाऊ देऊ नका. पार्टी बुडाली तरी दहावा भाग जाईल, धंदा उभा राहील.

बुडालेल्या पार्टीचे नाव घेऊन नशिबाला दोष देणारे बाजारात पुष्कळ भेटतात. त्यांच्यातील कित्येकांना मी विचारले आहे की त्या कंपनीचा ताळेबंद कधी पाहिला होता काय. एकानेही होय म्हटलेले नाही. चाळीस कारागिरांची मजुरी ज्या येण्यावर अवलंबून आहे, ते येणे कोणाकडे आहे आणि त्याच्या गल्ल्यात काय आहे, हे पाहण्यास वर्षातून एक दुपार लागते. पुढील मोठी उधारी देण्यापूर्वी ती दुपार अवश्य काढावी.